एका घरातल्या तीन न्याहाऱ्या

घर डोंबिवली पूर्वेला. माणसं पाच. आई ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, वडील अंधेरीला नोकरीला, मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत आणि आजी. आजींचे गुडघे गेलेत, ओट्याशी उभं राहणं जमत नाही. खुर्चीत बसून मात्र त्या पाच किलो गहू एका दुपारी निवडून टाकतील. मी आहार सल्ल्याचं काम करते. मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सकाळच्या खाण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, म्हणून ही मंडळी माझ्याकडे आली. आईचं मागणं साधं होतं: ‘ताई, दहा मिनिटांत होतील अशा पाच-सहा रेसिपी द्या, बाकीचं मी बघते.’

रेसिपी तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होत्या. मोबाइलमध्ये साठवलेले व्हिडिओ होते, फ्रिजच्या दारावर सोमवार ते रविवारचा रंगीत तक्ता होता. मूगडाळीची धिरडी, नाचणीचा डोसा, पनीर पराठा, बेसनाचा पोळा, असे सात दिवसांचे सात पदार्थ. तक्ता जेमतेम बुधवारपर्यंत टिकला होता. त्यानंतर घरात पुन्हा ब्रेड-बटर, दूध-कॉर्नफ्लेक्स, चहा-बिस्किटं, आणि वडिलांच्या वाट्याला स्टेशनबाहेर मिळेल ते. असे तक्ते मी बऱ्याच घरांत पाहिलेत. ते रविवारी संध्याकाळी, पोट भरलेलं असताना आणि सगळं घर जागं असताना केलेले असतात. त्यात सकाळचे पावणेसहा कुठेच धरलेले नसतात. म्हणून मी म्हटलं, रेसिपी राहू देत, आधी तुमची एक सकाळ मला बघू द्या.

साडेपाचला आई उठली. एका शेगडीवर चहा, दुसरीवर दूध. पावणेसहाला चहा उतरला आणि तिथे तवा चढला. तिघांच्या डब्यांच्या पोळ्या, शेजारच्या शेगडीवर भाजी. सहा वीसपर्यंत तवा मोकळा नव्हता. सहा चाळीसला मुलीची व्हॅन. वडील साडेसातला बाहेर पडतात. मुलाची शाळा नऊची, आई त्याला सोडून तशीच स्टेशन गाठते, म्हणजे ही दोघं साडेआठला निघतात.

यातली शेवटची गोष्ट नवी आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू, आणि तो रास्तच आहे. पण ज्या घरात एक मूल चौथीच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे, तिथे न्याहारीचे दोन तुकडे झाले. या घरात वडील धरून तीन. एकीला सहा वीसला, एकाला सव्वासातला, एकाला सव्वाआठला. एकदाच पोहे करून सगळ्यांना ताटल्या भरून द्यायची सोय संपली, आणि हे त्या रंगीत तक्त्याच्या गावीही नव्हतं.

तक्त्यातल्या सात पदार्थांपैकी पाच तव्यावरचे होते. तवा सहा वीसपर्यंत पोळ्यांत अडकलेला. मग मुलीला सहा वीसला धिरडं कुठून मिळणार? आईला वाटत होतं की आपला हात सावकाश आहे. तसं काही नव्हतं. तिच्या पोळ्या सुरेख आणि भरभर होत होत्या. तवा एक आणि मागणारे दोन, एवढीच अडचण होती.

दुसरी गोष्ट पाहिली ती मुलीची. ओट्याशी उभ्या उभ्या तिने अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं घेतली. आई म्हणाली, ‘अगं, निदान अर्धा ब्रेड तरी खा, रिकाम्या पोटी जाऊ नकोस.’ ‘नको ना आई, मळमळतं.’ रोजचा संवाद असणार, दोघींनाही पाठ होता. मुलगी नखरे करत नव्हती. आई-वडील दोघंही उशिरा घरी येतात, जेवणं साडेनऊच्या पुढे होतात. इतक्या पहाटे तिला भूक नसणं स्वाभाविक आहे. तिची भूक जागी होते ती शाळेत, नऊच्या छोट्या सुट्टीत, आणि त्या सुट्टीच्या डब्यात असायचा वेफर्सचा नाहीतर क्रीम बिस्किटांचा पुडा. म्हणजे तिची खरी न्याहारी हीच होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

इथून पुढे प्रश्नच बदलला. दहा मिनिटांत काय होईल, याचं उत्तर शंभर प्रकारे देता येतं. सहा वीसला भरलेला पदार्थ नऊ वाजता स्टीलच्या डब्यात कसा असेल, याचं उत्तर फार थोड्या पदार्थांकडे आहे. आमच्याकडे न्याहारीचे पदार्थ ठरतात ते गरम ताटलीत कसे लागतात त्यावर. उपमा कढईतून काढला की मऊ, मोकळा. अडीच तासांनी त्याची वडी पडते. पोहे कोरडे होऊन घशाला लागतात. शिजताना तांदळातला किंवा रव्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, गार होताना तो परत आवळतो, म्हणून हे होतं. डाळीचं प्रमाण जास्त असलेला, दही किंवा किसलेली भाजी घातलेला, थोडं तेल जिरलेला पदार्थ उशिरापर्यंत मऊ राहतो. मराठवाडा-सोलापूरकडचे धपाटे प्रवासात दुसऱ्या दिवशीही चावतात ते पिठात दही असतं म्हणून. लांबच्या वाटेला निघणाऱ्या बायकांनी हे कधीच ओळखलं होतं, फक्त शाळेच्या डब्याला कोणी ते लावलं नाही.

मग मी पदार्थांची वाटणी केली. गार झाल्यावर चालणारे मुलीला, गरमच खावेत असे मुलाला आणि आईला, आणि वडिलांना जे त्या दोहोंच्या मध्ये असेल ते. पण पीठ एकच. एका पिठातून दोन-तीन वेळा वेगवेगळं काढायचं आणि ते पीठ दोन दिवस चालवायचं. सात दिवस सात पदार्थ हा हट्ट मी पहिल्या दिवशीच सोडायला लावला. आईला ते पटायला वेळ लागला. ‘मुलं कंटाळतील हो.’ मुलं रोज तीच बिस्किटं खात होती तेव्हा कंटाळली नव्हती, एवढंच मी म्हटलं.

पहिलं पीठ मूगडाळीचं. दोन वाट्या पिवळी मूगडाळ आणि पाव वाटी तांदूळ. भिजवायचं काम आजींकडे, दुपारी तीनच्या सुमारास. सकाळी भिजवून दिवसभर ओट्यावर ठेवली तर डोंबिवलीच्या उकाड्यात डाळ संध्याकाळपर्यंत आंबूस होते, म्हणून दुपारची वेळ. संध्याकाळी आई आली की आलं, दोन हिरव्या मिरच्या, जिरं घालून वाटायची आणि डबा फ्रिजमध्ये. पीठ इडलीच्या पिठाएवढं दाट. मीठ आणि किसलेला दुधी सकाळी, लागेल तेवढ्याच पिठात. रात्रीच घातलं तर मिठाने दुधीला पाणी सुटतं आणि सकाळी धिरडं तव्याला धरतं. मुलीसाठी जरा जाड, दुधी घातलेली दोन धिरडी, वरून झाकण ठेवून केलेली. गुंडाळून डब्यात घालताना एक गोष्ट पाळायची: जाळीवर किंवा ताटलीत पाच मिनिटं वाफ जाऊ द्यायची. गरम गरम भरली की झाकणाला पाणी धरतं, ते परत धिरड्यावर टपकतं आणि नऊ वाजता हाती चिखल येतो. मुलासाठी त्याच पिठात थोडं पाणी घालून पातळ, कुरकुरीत, कडेने तूप सोडून, सव्वाआठला. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच पोह्यांत सातच्या आसपास. रोज पोहेच करणाऱ्या घरांना मी हा एवढा एकच आकडा सांगते, बाकीचे सांगत बसत नाही.

तव्याचा गुंता सोडवायला एक बिडाचा तवा आणला, लहान, धिरड्यापुरता. पण शेगड्या दोनच, तेव्हा नुसता तवा आणून भागणार नव्हतं. डब्याची भाजी रात्री चिरून, निवडून नव्हे, शिजवूनच ठेवायची असं ठरवलं. सकाळी फक्त चांगली गरम करायची. आजींना हे आवडलं नाही. ‘शिळी भाजी डब्यात?’ त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पालेभाजी रात्रीची सकाळी बरी लागत नाही. मग उसळी, फ्लॉवर, बटाटा, दोडका या भाज्या रात्री, आणि पालेभाजी शनिवार-रविवारी, असं त्यांनीच जमवून दिलं. शिजलेली भाजी निवली की लगेच फ्रिजमध्ये, रात्रभर ओट्यावर नाही, यावर मात्र मी अडून बसले.

दुसरं पीठ भाजणीचं, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त काम त्याने केलं. प्रमाण घराघरांत वेगळं. या घरात आजींचं आहे ते असं: ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन, तांदूळ एक, गहू अर्धी, हरभऱ्याची डाळ एक, अख्खे उडीद अर्धी, धणे पाव वाटी आणि दोन मोठे चमचे जिरं. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं, कारण बाजरी आणि तांदूळ एका वेळेला भाजून होत नाहीत. आजींनी डायनिंग टेबलावर इंडक्शन मांडून, खुर्चीत बसून एका रविवारी सगळं भाजलं. गिरणीवाल्याला सांगायचं, गव्हाच्या पिठापेक्षा किंचित भरड. घट्ट झाकणाच्या डब्यात ही भाजणी दोन महिने सहज राहते. बाजारची तयार भाजणी मिळते आणि काही ठिकाणची चांगलीही असते, पण बहुतेकांत तांदूळ जास्त आणि डाळी कमी असतात, त्यामुळे थालीपीठ गार झालं की वातड होतं.

डब्यासाठीच्या थालीपिठाला रोजच्यापेक्षा वेगळी वागणूक लागते. दीड वाटी भाजणी, तीळ, तिखट, हळद, मीठ, दोन मोठे चमचे दही, एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन, आणि कांद्याऐवजी किसलेला लाल भोपळा किंवा दुधी. कांदा गरम थालीपिठात राजा. बंद डब्यात अडीच तास राहिला की त्याचा वास सगळ्या वर्गाला कळतो, आणि सातवीतली मुलगी तसा डबा उघडत नाही, सरळ घरी परत आणते. पीठ कोमट पाण्याने सैलसर भिजवायचं. थापायचं ते ओल्या फडक्यावर, पातळ, मधे पाच भोकं, प्रत्येकात तेलाचा थेंब. सकाळी थापायला वेळ नाही म्हणून आईने एकदा रात्रीच थापून प्लास्टिकच्या कागदांत घालून ठेवली. सकाळी सगळी चिकटून एक झाली. तेव्हापासून कोरडं सगळं रात्री मिसळून ठेवते आणि भिजवते सकाळी. भिजवण्याला दोन मिनिटं, थापण्याला एक.

मुलीच्या सहा वीसच्या घासाचं काय, ते राहिलं. तिथे मी चहा बंद केला, निदान सकाळचा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाही, आणि जिचं हिमोग्लोबिन कमी तिने लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा घेणं म्हणजे एका हाताने भरून दुसऱ्याने ओतणं. त्या जागी अळिवाचा एक लाडू आणि अर्धी वाटी दूध सुचवलं होतं; दूधही लोहाला फारसं मानवत नाही हे ध्यानात घेऊन गोळी दुपारच्या जेवणानंतर घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं. लाडवांचं प्रमाण: पाव वाटी अळीव एका नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे, ते फुगून गच्च होतात. त्यात त्याच नारळाचा चव, दोन वाट्यांच्या आसपास, आणि एक वाटी चिरलेला गूळ. सगळं एकत्र मंद आचेवर घट्ट होईपर्यंत परतायचं, वर जायफळ. कोमट असताना वळायचे. ओल्या नारळाचे म्हणून फ्रिजमध्येच, आणि आठवड्याच्या आत संपवायचे. आजी टेबलाला लावायच्या खोवणीवर नारळ खोवतात, वळतातही त्याच. बाळंतिणीचे लाडू सातवीतल्या मुलीला कशाला, असं शेजारणीने विचारलंच. लोह कोणालाही लागतं, बाळंतपणाची वाट बघायची गरज नाही. डब्यात धिरड्यासोबत अर्धा पेरू किंवा मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी, कारण क जीवनसत्त्व जवळ असलं की डाळी-धान्यांतलं लोह जास्त लागू पडतं.

पोहे मी काढून टाकले नाहीत, मराठी घरातून ते काढता येतही नाहीत. त्यांची फक्त वेळ बदलली. रात्रीच्या स्वयंपाकाची कढई चढलेलीच असते. त्यात तेल, मोहरी, कढीपत्ता, मिरच्या, शेंगदाणे, हळद आणि तीन कांदे मऊ होईपर्यंत परतायचे, गार करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. कच्चा चिरलेला कांदा रात्रभर ठेवला तर फ्रिजभर वास सुटतो, परतलेल्याचा तो त्रास नाही, आणि दोन दिवस उत्तम राहतो. सकाळी रोळीत मूठ-दोन मूठ जाडे पोहे धुवायचे, निथळू द्यायचे, मीठ, किंचित साखर. दोन चमचे तयार फोडणी गरम करून त्यावर पोहे, झाकण, एक दणदणीत वाफ. लिंबू पिळा. एका माणसाचे पोहे चार-पाच मिनिटांत. वडिलांना सव्वासातला त्यांचे ताजे, मुलाला सव्वाआठला त्याचे ताजे. एकदाच सगळे करून कढईत झाकून ठेवायची सवय आईच्या हातातून जायला फार दिवस लागले.

इथे वडिलांचा विषय काढावा लागला. सहा चाळीसला मुलगी व्हॅनमध्ये बसली की आई मुलाला उठवणं, अंघोळ, स्वतःची तयारी यात गुंतते. साडेसहा ते सव्वासात या वेळात घरात मोकळे हात एकाचेच होते आणि त्यांत मोबाइल होता. मी सरळ म्हटलं, तुमची न्याहारी तुम्ही करा, आणि त्याच खेपेला बायकोचीही. आजी चटकन म्हणाल्या, ‘अगं, त्याला साधा चहा येत नाही.’ चाळिशीच्या माणसाचा हा काही बचाव नव्हे. फोडणी तयार असल्यामुळे पोह्यांत बिघडण्यासारखं फार थोडं उरतं. पहिले काही दिवस पोहे कधी भिजट, कधी ठसका लागेल असे, पुढे जमले. घावणे तर त्यांना इतके जमतात की आता ते त्यांचंच खातं झालंय. माणूस मूळचा कणकवलीकडचा, लहानपणी खाल्लेलं होतं, फक्त हात लावलेला नव्हता. वाटीभर तांदळाचं पीठ, दोन वाट्या पाणी, मीठ. ताकाहून पातळ. बिडाचा तवा चांगला तापवून, कांद्याच्या अर्ध्या फोडीने तेल फिरवून, वाटीने बाहेरून आत ओतायचं, जाळी पडते. झाकण, मिनिटभराने काढायचं. आंबवणं नाही, वाटणं नाही. तवा मात्र तापलेला हवा, नाहीतर पहिला घावणा तव्यावरून सुटत नाही.

शुक्रवार फोडणीच्या पोळीचा. गुरुवारच्या पोळ्या दोन-चार जास्तच करायच्या, आजी त्या सकाळी चहा पिता पिता हाताने कुस्करून देतात. कांदा-शेंगदाण्याची तीच तयार फोडणी, वर पाण्याचा हबका, लिंबू, कोथिंबीर. मुलाचा हा सगळ्यात आवडता प्रकार आहे, आणि शुक्रवारी आई तीस मिनिटं मोकळी असते.

काही गोष्टी फसल्या. रात्री दुधात भिजवलेले ओट्स वडिलांनी एकदाच तोंडात घातले. सातूचं पीठ, म्हणजे भाजलेले गहू, डाळं आणि वेलची दळून, दुधात गूळ घालून कालवायचं. माझ्या मते यापेक्षा झटपट न्याहारी महाराष्ट्रात दुसरी नाही, पण मुलाने त्याला ‘माती’ म्हटलं आणि विषय संपला. इडलीचं पीठ मेमध्ये फ्रिजबाहेर रात्रभरात फसफसून भांड्याबाहेर आलं, डिसेंबरात तेच हललं नाही. इडली मग सुट्टीच्या दिवसावर गेली, आणि घाईच्या आठवड्यात तयार पीठ विकत आणायला मी कधीच हरकत घेत नाही. तांदळाची उकड तर शाळेच्या दिवशी करूच नये. ताकातली, लसणाच्या फोडणीची, वर कच्चं तेल घातलेली उकड कढईतून थेट ताटलीत यावी लागते. ती आता रविवारी होते, सगळे एका वेळी घरात असतात तेव्हा.

तीन महिन्यांनी मुलीचं हिमोग्लोबिन वाढलेलं निघालं. गोळ्या चालू होत्या, त्यामुळे त्याचं श्रेय मी न्याहारीला देणार नाही. मला दिसलं ते एवढं की डबा बहुतेक दिवशी रिकामा परत येतो आणि वेफर्सचा पुडा आता क्वचित दिसतो. मैत्रिणी थालीपीठ मागतात म्हणून ती एक जादा नेते. लाल भोपळ्याचं आहे हे तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

बुधवारचं मात्र अजून जमलेलं नाही. मूगडाळीचं पीठ मंगळवारी संपतं, भाजणी भिजवायला बुधवारी आईला वेळ नसतो कारण लॅबमध्ये तिची पहाटेची पाळी असते, आणि त्या दिवशी सगळा भार वडिलांवर येतो. सध्या घावणे आणि गूळ-नारळावर निभावतंय. ते मुलाला चालतं, पण मुलीच्या डब्यात घावणे नऊपर्यंत चामट होतात. पुढच्या खेपेला तांदळाच्या पिठात थोडं उडदाचं पीठ आणि दोन चमचे दही घालून बघायचं ठरलंय. आजींचं म्हणणं, त्यापेक्षा मंगळवारी रात्रीच धपाटे लाटून ठेवा. बहुधा त्यांचंच खरं ठरेल.